वरदच्या क्लॅरिनेटला टाळी

सौ. शुभांगीस,
चाकणहून मल्लिनाथकडून खुशाली. कंपनीत बरं चाललंय, डबाही चांगला हाय. फोनवर आई तुझ्या शेजारीच असते, म्हणून लिहितो.

आपला बँड उन्हाळाभर दर शनिवारी कळंबच्या मैदानात फुकट वाजवतोय, त्याचा व्हिडिओ बघितला. माझ्या जागी वरद क्लॅरिनेट वाजवतो. बरा वाजवतो, पण गाल लई फुगवतो.

आईचा गुडघा कसा हाय? शेळी व्याली का?

व्हिडिओत गाणं संपलं तवा पुढच्या सतरंजीवर सगळ्यात जोरात टाळ्या तूच वाजवत होतीस. मी वाजवायचो तवा तू एकदाही टाळी वाजवली न्हाईस, लाजून मान खाली घालायचीस.

वरदसाठी टाळ्या खुशाल वाजव. लाजणं तेवढं माझ्यासाठी ठेव.

तुझाच,
मल्लिनाथ