थर्मासला पडलेली भोकं

शुक्रवार, २५ एप्रिल

पोचलो. जंगलातल्या केबिनमध्ये माझ्या गादीत उंदरांनी संसार थाटलाय. व्हर्लिन म्हणतो, भाडं घे त्यांच्याकडून.

संध्याकाळी व्हर्लिन, गेलन आणि मी, तिघे कड्यावर गेलो. रानातले टर्की पक्षी झाडांवर चढून बसायची वेळ. व्हर्लिनने तोंडाशी हात धरून घुबडाचा आवाज काढला. घुबड ओरडलं की टर्कीच्या नराला गप्प बसवत नाही, तो वरूनच उत्तर देतो आणि त्याचा मुक्काम कळतो. मग पहाटे अंधारात जाऊन त्याच्या जवळपास दबा धरायचा. तीस वर्षं हेच करतोय.

व्हर्लिनने आवाज काढला आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिला. मी गेलनकडे बघितलं. गेलनची मान खटकन ओढ्याकडे वळली. मग मीही तिकडे बोट दाखवलं.

“ओढ्यापलीकडे,” मी म्हणालो.

“शाब्बास. कान शाबूत आहेत अजून म्हाताऱ्याचे,” व्हर्लिन म्हणाला.

मला काही ऐकू आलं नव्हतं! ढिम्म. मागच्या वर्षी निदान जवळचा नर ऐकू यायचा. आता तेही गेलं. लाकडाच्या गिरणीत करवतीशेजारी जन्म काढला, त्याचं हे बक्षीस. व्हर्लिननेही तिथेच काढला, पण त्याच्या कानांचं नाव अख्ख्या काउंटीत आहे. दोन टेकड्या पलीकडचा नर त्याला कळतो म्हणतात. हल्ली तो आधी आम्हाला बोलू देतो. परीक्षा घेतो, दुसरं काय. म्हणूनच त्याच्यासमोर सांगायची लाज वाटते. ही शिकार सगळी कानांची. बहिऱ्याला कोण बरोबर नेईल?

निघताना लॉरीन म्हणाली होती — “या खेपेला त्यांना सांग, हार्लन. बायकोला फसवतोस ते ठीक आहे, हातात बंदूक असते तिथे नको.” सांगतो म्हणालो.

उद्या सांगतो.

शनिवार, २६ एप्रिल

 

गेलन ओढ्यापलीकडे गेला होता, कालच्या नरासाठी. मी आणि व्हर्लिन अलीकडे एका ओकच्या बुंध्याला टेकून, खांद्याला खांदा लावून. व्हर्लिन मांडीवरच्या छोट्या पाटीवर काडी घासून मादीचा आवाज काढत होता. म्हणजे त्याचा हात हलताना मला दिसत होता.

उजेड झाला. समोरच्या डॉगवूडची पांढरी फुलं दिसायला लागली. आणि त्या फुलांमागे काहीतरी काळं हललं. थांबलं. परत हललं. वाकून, दबकत. नर असाच येतो.

डोकं दिसल्याशिवाय आणि छातीवर लोंबणारी पिसांची दाढी दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. हे मी स्वतः किती नवशिक्यांना बजावलंय.

मी ओढला.

गेलन होता.

छर्रे डॉगवूडच्या बुंध्यात गेले. काही त्याच्या हातातल्या थर्मासमध्ये. त्याला ओरखडा नाही, पण थर्मासच्या भोकांतून कॉफी त्याच्या पँटवर गळत होती आणि तो ती थांबवायला भोकांवर बोटं धरत होता. त्याचा नर पहाटेच गप्प झाला होता. म्हणून आमच्यासाठी कॉफी घेऊन आला होता.

 

“मी हाक मारली की रे,” तो म्हणाला. “ओढा ओलांडताना मारली, इथे फुलांपाशी आल्यावर परत मारली. मी आहे, गेलन, येतोय — असं म्हणालो.”

नियमच आहे तो. दुसऱ्याच्या जागेकडे जाताना हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज काढायचा नाही. माणसासारखं मोठ्याने बोलायचं. गेलन नियम मोडणारा माणूस नाही. शाळेची बस चालवतो तो. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा वळताना दिवा लावतो.

मी व्हर्लिनकडे बघितलं. व्हर्लिन माझ्याकडेच बघत होता.

“तिकडून नर बोलला,” मी म्हणालो. तोंडातून कसं निघालं देव जाणे. “ऐकला मी.”

“मी पण ऐकला,” व्हर्लिन म्हणाला. “तुझी हाक मात्र नाही ऐकली, गेलन. आम्ही दोघंही इथेच होतो.”

दोघांपुढे तो एकटा काय बोलणार? त्याने माझ्याकडे बघितलं, मग व्हर्लिनकडे. शेवटी म्हणाला, “मग नसेल मारली. मला वाटलं, मारली.”

शनिवार, दुपारी

नियम मोडला त्याने बंदूक गाडीत ठेवायची आणि उरलेली सहल चुलीपाशी काढायची, ही आमच्या केबिनची जुनी रीत. व्हर्लिननेच पाडलेली. आजवर थट्टेवारीत चालायची. आज गेलनने कोणी न सांगता बंदूक रिकामी केली, गाडीत ठेवली, आणि बटाटे सोलायला बसला. मी सुरी घेऊन शेजारी गेलो तर म्हणाला, “बस तू. माझ्यापेक्षा मोठा धक्का तुला बसलाय.”

मला! ज्याने चाप ओढला त्याला!

व्हर्लिनला लाकडांच्या ढिगापाशी गाठलं. गेलनला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणालो, “माझ्यासाठी खोटं बोललास. हे फेडता येणार नाही मला.” त्याने हसून मान डोलावली आणि लाकडं उचलून निघून गेला. त्याबद्दल एक अक्षर नाही.

त्या कानांना वीस पावलांवरची हाक ऐकू आली नसेल, हे कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. दोस्तीखातर गिळली त्याने. माझ्या चिखलात तोही बरबटला.

रविवार, २७ एप्रिल

नाश्त्याला गेलनने गरम पाव आणि सॉसेजची पांढरी ग्रेव्ही केली. भूक नव्हती. तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, कारण नाही घेतलं तर त्याला वाटेल, हार्लन अजून रागावलाय. असा मी. ज्याच्यावर गोळी झाडली, त्याच्या हातचं दोनदा खातो आणि वर त्याच्याकडून माफी मागवून घेतो. मागितली त्याने. ताटली वाढता वाढता.

भांडी घासताना मी पुसायला उभा होतो. माझ्याकडे तोंड करून बोलला म्हणून नीट कळलं.

“बापाचं असंच सुरू झालं होतं माझ्या. गॅस बंद केला म्हणायचा. छातीठोक. जाऊन बघावं तर जळतोय.” मग ताटली माझ्या हातात देत — “मीही काल छातीठोकच सांगत होतो, नाही का?”

मी तीच ताटली परत परत पुसत राहिलो.

“बस भरून पोरं असतात माझ्या मागे, हार्लन.”

सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलंही. तेवढ्यात व्हर्लिन आत आला, म्हणाला, चला, सामान भरा. मी तोंड मिटलं. व्हर्लिन आला म्हणून मिटलं, हे लिहिणंही खोटंच आहे. तो आला नसता तरी मिटलं असतं.

टर्की एकालाही मिळाली नाही.

सोमवार, २८ एप्रिल

लॉरीनने विचारलं, सांगितलंस? हो म्हणालो.

मंगळवार, २९ एप्रिल

गेलनच्या बायकोचा, ट्वायलाचा, लॉरीनला फोन आला; शनिवारचं सगळं तिने सांगितलं. गेलन डॉक्टरकडे डोक्याच्या तपासण्या करून घेणार आहे. आणि निकालाची वाट न बघता शुक्रवारी बसच्या चाव्या शाळेत नेऊन देणार आहे. ट्वायला रडत होती. म्हणे, रात्री उठून गॅस बघतो.

लॉरीनने टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“त्याने हाक मारली होती ना?”

“बहुतेक.”

“बहुतेक? मी स्वयंपाकघरातून तुझ्या नावाने ठणाणा करते तर तू ढेकर देऊन वाचत बसतोस. आत्ता जा त्याच्याकडे.”

म्हणालो, गुरुवारी कानाच्या दवाखान्यात नंबर लावतो, तपासणीचा कागद आला की जातो.

“कागद कशाला? तोंड आहे ना तुला?”

मग खरं कारण सांगितलं. मी खरं बोललो की व्हर्लिन खोटारडा ठरतो. माझ्यासाठी खोटं बोललेल्या माणसाला मी चारचौघांत कसा उघडा पाडू?

“आणि ज्याने तुझ्यासाठी कॉफी आणली, त्याला वेडा ठरवलंस ते चालतं?” ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. बोलली असेल तर मला ऐकू आलेलं नाही.

बुधवार, ३० एप्रिल

गेलो होतो. खरंच गेलो होतो गेलनकडे.

तो अंगणात बस धूत होता. परत देताना घाण दिसू नये म्हणून असणार. चाकाशेजारी बादलीत साबणाचं पाणी, आणि ओट्याच्या कठड्यावर तो थर्मास. फेकलेला नाही त्याने. रोज बघून स्वतःला आठवण करून देत असेल, की बघ, तू हाक मारली नाहीस.

माझी गाडी ओळखून त्याने फडकं धरलेला हात वर केला. मीही केला. आणि थांबलो नाही. सरळ पेट्रोल पंपापर्यंत गेलो, टाकी भरलेली असताना, आणि लांबच्या रस्त्याने घरी आलो.

स्वतःची इतकी किळस कधी वाटली नव्हती.

गुरुवार, १ मे

कानाच्या दवाखान्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर व्हर्लिन बसला होता. टोपी मांडीवर. नर्सने दारातून त्याचं नाव पुकारलं. परत पुकारलं. तो मासिकातली चित्रं बघत राहिला.

मी जाऊन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दचकला. माझ्याकडे बघितलं, मग दारावरच्या पाटीकडे, मग परत माझ्याकडे.

“मी तुझ्या भरवशावर बोललो होतो,” तो म्हणाला, सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “गेलनने हाक मारली होती का रे?”