रुमालाखालचा सौदा

बाजाराचा दिवस, संध्याकाळ

शेतीसल्ल्याचं अॅप फुकट मिळालं म्हणून मी खूश होतो. आज त्यापायी आबांच्या ताटातली भाकर तशीच राहिली.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, बैलजोडी पोसवेना. आबांचा जीव त्या बैलांत. म्हणून त्यांना सांगितलं, ताईकडे हरभऱ्याच्या पेरणीला नेतो. नेले धाडच्या बाजारात. तिथं व्यापारी सलीमभाईंशी रुमालाखाली बोटं दाबून भाव केला, तोंडातून शब्द नाही. माझे कान तिखट. आसपास ओळखीचा एकही आवाज नव्हता. म्हटलं, हा सौदा वाऱ्यालाही कळायचा नाही.

जेवताना कोनाड्यातल्या फोनमधलं ते अॅप बाईच्या आवाजात आपसूक बोललं, "बैलजोडी विकलीत? भाड्याचा ट्रॅक्टर बघा."

आबांचा घास थांबला. "कोन बोल्ली बे ते?"

"जाहिरात हाये, आबा. साऱ्यायले येते."

"मंग तिले आपले बैल कसे माहीत?"

रुमालाखाली बोटं सलीमभाईंची अन् माझीच होती. आबा उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसलेत. आणि त्या बाईचा आवाज किती मायेचा होता...

आता ध्यानात येतंय. फोन दिवसभर माझ्याच खिशात होता. जाताना तो बैलांच्या चालीनं गेला, बैलबाजारात थांबला, अन् येताना जीपच्या वेगानं आला.