महालक्ष्म्यांच्या तळणाचं तेल

१७ सप्टें. ८३
महालक्ष्म्या बोळवल्या. कढईत तीन किलो तेल उरलं, काळंकुट्ट. सुमन म्हणे, "देवीच्या नैवेद्याचं हाय, नालीत कसं टाकू?" आमच्यात टाकतच नाहीत. म्हटलं, आण इकडे. प्लांटमध्ये जन्म तेलं गाळण्यातच गेला माझा. गार तेलात कॉर्नफ्लोरचं पाणी, मंद आच, ढवळत राहायचं. पिठाचे गोळे झाले, करपट सगळं त्यांना चिकटलं. मलमलीतून दोनदा गाळलं. झकास!

१८ सप्टें.
तेलाला डबा हवा. प्लांटच्या शॉपमधून हायड्रॉलिक ऑइलचा रिकामा आणला. गेटपास नाही, जेवणाच्या पिशवीतून. सु.: "हा कावून आणला? मशीनचं तेल होतं ना यात?" सोड्याच्या गरम पाण्यानं तीनदा धुतला, तिला वास घ्यायला लावला. "मले शिकवू नको," असंही म्हणालो.

२५ सप्टें.
मला पित्त, तळण बंद. तेल सगळं तिच्याच पोटात. शिळ्या पोळीवर तेल-तिखट, रोज.

७ ऑक्टो.
सु.च्या पोटऱ्या ठणकतात. नवरात्राचे उपास, दुसरं काय.

१३ ऑक्टो.
पायातून चप्पल निसटते, तिला कळतही नाही. उंबऱ्याला अडखळून पडली. "माह्ये पाय माह्ये वाटूनच नाही राहिले."

१५ ऑक्टो.
दवाखान्यात भरती. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही आलं? मशीनचं तेल वगैरे? त्यानं असेच पाय लुळे पडतात. डोळ्यांसमोर डबाच आला. नाही म्हणालो. डबा सांगितला तर चोरी निघेल. नोकरी, क्वार्टर, सगळंच... भित्रा आहे मी. इथे तरी लिहितो.

१७ ऑक्टो.
आता हाताची बोटंही ढिली. घास तोंडापर्यंत जात नाही. मी भरवला. मग राहवेना, डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं, डबा कुठून आणला तेही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ही पुन्हा चालेल का, मी विचारलं. "कह नहीं सकते. वो तेल और किसी ने खाया?" कोणी नाही, म्हणालो.

सु. पडल्या पडल्या म्हणाली, "त्याच तेलाचा चिवडा शांतीकडे धाडला होता ना मी."

शांती म्हणजे तिची धाकटी बहीण, भिलाई-३ ला असते. सातवा महिना चालू आहे.

उद्या पहिल्या गाडीनं जातो. दारातच तिला म्हणायचं, जरा चालून दाखव. कसं म्हणू, ते सुचत नाही.