टाकलेले दोन एक्के

झिंडेलफिंगेन,
रविवार, १७ मे २००९

प्रिय दादा,

तुझी तब्येत कशी आहे, हॅम्बर्गात पाऊस थांबला का, यातलं काहीही मी विचारणार नाही. मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे. गेल्या रविवारपासून धड जेवण गेलेलं नाही. सत्यजित दोन दिवस माझ्या वाटेला न जाता स्वतःची भाजी स्वतः करून घेतो आहे.

गेल्या वर्षी आम्ही तुझ्याकडे आलो होतो तेव्हा एकतीस नकारपत्रं येऊन मी पार बसले होते. पुण्यात चार वर्षं क्वालिटी विभागात आकडेमोड केलेली बाई नवऱ्यामागून इथे येऊन दुपारभर पडदे सारखे करत होती. तू मला बंदरात बासष्ट नंबरच्या फेरीबोटीतून फिरवलंस आणि घरी आल्यावर लॅपटॉप उघडून ऑनलाइन पोकर शिकवलंस. दोन-पाच सेंटचं टेबल, जर्मनीतलं सगळ्यात स्वस्त करमणुकीचं ठिकाण, असं म्हणाला होतास. नियम तू स्वतःच्या हातानं लिहून दिलेस. खात्यात शंभर युरो असतील तर एका वेळी पाचच घेऊन बसायचं. दहातले आठ डाव सुरुवातीलाच सोडायचे. आपली पाळी शेवटी असेल तेव्हाच थोडं धाडस करायचं. थापा मारायच्या नाहीत, कारण या टेबलावर कुणी घाबरून पत्ते टाकतच नाही. तो कागद मी फ्रिजवर लावला, जर्मनच्या क्रियापदांच्या शेजारी.

ऑक्टोबरात हरले, नोव्हेंबरपासून जिंकायला लागले. रविवारी दुपारी इथे दुकानं बंद, रस्ते सुनसान. तीन वाजता चहा घेऊन मी टेबलावर बसायची. एक 'फेरी६२' नावाचा खेळाडू तिथे नेहमी असायचा आणि माझ्याकडून हमखास मार खायचा. मी सत्यजितला सांगायची की हा माणूस अगदी ढ आहे, पण स्वभावानं बरा असावा. नाव डोळ्यांसमोर होतं आणि मला कळलं नाही, म्हणजे ढ कोण ते तूच ठरव.

त्या जिंकण्यानं माझी मान वर झाली, हे तुला ठाऊक आहे. आपल्याला अजून डोकं आहे, हिशोबानं निर्णय घेता येतो, असं वाटून मी पुन्हा अर्ज केले. ब्योब्लिंगेनच्या एका छोट्या कंपनीनं येत्या बुधवारी बोलावलंय. आनंदानं पहिला फोन तुला केला होता.

आणि मग गेला रविवार. मी एका डावात वाहवत गेले. आपल्या दोघांचे मिळून आठ युरो मध्ये पडले होते, माझ्यासमोर चाळीस सेंट उरले होते, ते मी पुढे सारले. आठ युरोंसाठी चाळीस सेंट द्यायचे, शेंबडं पोरसुद्धा देईल. फेरी६२नं पत्ते टाकले. वर घाईघाईत चुकीचं बटण दाबून ते मला दाखवलेही. दोन एक्के होते, या खेळातली सगळ्यात भारी जोडी.

दादा, जगात असा खेळ एकाच घरात खेळतात. दिवाळीत सांगलीला दिनकरकाकांकडे तीन पत्ती बसायची, तेव्हा त्यांचा दंडक होता: धाकट्या भावंडाचे शेवटचे पैसे घ्यायचे नाहीत, हातात ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं सारखी असली तरी पॅक करायचं, पत्ते टाकून द्यायचे. तेव्हा मी आठ वर्षांची होते. आता चौतीस वर्षांची आहे.

तुला मी इतकी केविलवाणी वाटले? मला जिंकण्याची नाटकं लागतात, असं कुणी सांगितलं तुला? त्या साइटच्या नियमातही हे बसत नाही, पण ते राहू दे. आठवडाभर बसून मी कॉम्प्युटरनं साठवलेले सगळे डाव वाचून काढले. तू होतास ते सगळे वगळले. उरलेल्या डावांत मी सहा युरो वर आहे. सात महिन्यांत सहा युरो. पण ते माझे आहेत, ओळखीपाळखी नसलेल्या माणसांकडून जिंकलेले. तू मध्ये कडमडला नसतास तर मला हे जानेवारीतच कळलं असतं आणि बुधवारी कुणासमोर बसताना पायाखाली काय आहे याची शंका आली नसती.

इथवरचं पत्र मी परवा लिहून ठेवलं होतं, टाकणार नव्हते. काल शोभनावहिनींचा फोन आला. मला माहीत आहे असं समजून त्या सहज बोलून गेल्या की तुझी नोकरी फेब्रुवारीत गेली. रोज सकाळी डबा घेऊन लायब्ररीत जाऊन बसतोस, भारतातून रोज सकाळी वेबकॅमवर बोलणाऱ्या आईला कळू नये म्हणून. तीन महिने मी तुला माझं रडगाणं ऐकवत होते, तू हं हं करत होतास आणि दर रविवारी माझ्याकडून हरत होतास. याचा राग मला त्या एक्क्यांपेक्षा जास्त आला आहे, आणि फोनवर तू नेहमीसारखं सगळं उत्तम म्हणशील म्हणून लिहिते आहे. शनिवारी वहिनींना घेऊन इकडे ये. तुम्हा दोघांची तिकिटं सोबत पाठवली आहेत, ती तुझ्याच हरलेल्या पैशांतून काढली आहेत, त्यामुळे उपकार वगैरे बोलायचं नाही. जेवणाच्या टेबलावर खरे पत्ते घेऊन समोरासमोर बसू. माझं शेवटचं नाणं उरलं तर घे. तुझं उरलं तर मीही घेणार आहे. मग जेवायला बसू आणि नोकरी गेल्याचं तू मला पहिल्यापासून सांग.

तुझीच, पण आठ वर्षांची नसलेली,
स्वरूपा