बिब्याच्या बोळक्यावरचा चेहरा

मु. पळसटोली, आरमोरीपासून चार कोस
फाल्गुन शुद्ध पंचमी, सन १९५५

ती. मुखरूभाऊजींच्या पायांशी लटारूचा नमस्कार. (हात जोडून असे लिहिणार होतो, पण हात सध्या जुळत नाहीत. नमस्कार मनाचा समजावा.) ताईचा गुडघा कसा आहे? एरंडाचा पाला गरम करून बांधत जा म्हणावे, आणि बांधल्यावर विहिरीवर जाऊ नको म्हणावे. आपला खोकला गेला असेल. आमच्याकडे सर्व कुशल आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहितो. मागल्या कार्डावरच्या पत्त्याचे अक्षर पाहून आपल्याला नवल वाटले आणि ताईने ते कार्ड शेजारणीला नेऊन दाखवले, असे आपण कळवलेत. वाचून बरे वाटले. माझ्या अक्षराची थट्टा आपल्या घरी ताईच्या लग्नापासून चालत आली आहे. मनावर घेतले तर पन्नाशीतही अक्षराला वळण लागते, एवढेच म्हणतो. हे पत्र मात्र माझ्या हातचे नाही. माझे हात कोपरापर्यंत सुजले आहेत आणि डोळे उघडत नाहीत, म्हणून मी ओसरीवर पडून सांगतो आहे आणि माझ्या वर्गातली सुकरी लिहिते आहे. (जसे सांगतो तसे लिही. मला दिसत नाही म्हणून मधले गाळू नकोस.)

घाबरण्यासारखे काही नाही. झाले ते आमच्या चित्रकलेच्या शकुबाईंमुळे झाले, असे मी चार दिवस म्हणत होतो. पाचव्या दिवशी विचार करायला वेळ मिळाला. या बाई ब्रह्मपुरीहून आमच्या मिडल शाळेत आल्या त्याला तीन वर्षे होतील. त्यांच्याबद्दलचे माझे मत मागल्या कार्डात सविस्तर होतेच. त्या छडी वापरत नाहीत. त्यांना कुठलेही चित्र वाईट वाटत नाही. एका पोराने पाच पायांचा बैल काढला, तेव्हा मी स्वतः वर्गात उभा होतो. बाईंनी त्याला विचारले, हा पाचवा कोणता रे? पोरगा म्हणाला, "बैल चालून राह्यला नं बाई." बाईंनी मान डोलावली आणि कागद भिंतीला लावला. तो बैल अजून तिथेच आहे आणि मी हजेरी घेतो तेव्हा माझ्याकडेच चालत येतो. रंग विकत आणायची सोय नाही, म्हणून बाईंनी पोरांकडून पळसाची फुले, गेरू, पांढरी माती, जांभळीची साल, असले सगळे रान शाळेत आणवले. हिशेबाच्या तासालाही पोरांच्या बोटांना गेरूच असतो. अशा बाईंच्या जागी एखादा गणिताचा मास्तर मिळावा असे मला वाटले, तर त्यात गैर काय, असे मला तेव्हा वाटले.

आता मूळ प्रकरण. आपल्या कचेरीचे डिप्टी साहेब तपासणीला येणार म्हणून वर्दी आली, आणि वर्गातला फळा तर पार पांढरा पडलेला. दरवर्षी मुली कोळसा कुटून वालाच्या पाल्याचा रस घालून फळा सारवतात. यंदा मुली बाईंबरोबर अंगणात कसलातरी नकाशा काढत बसल्या होत्या. मी रागातच चित्रकलेच्या खोलीत गेलो. तिथे उंच देवळीत एक बोळके होते आणि त्यावर कागद डकवून एक चेहरा काढला होता. गाल फुगलेले, डोळ्यांच्या फटी, ओठ बाहेर आलेले, आणि डोक्यावर केस नाहीत. (माझ्या डोक्याबद्दल आपल्याला माहीत आहेच.) मला वाटले, पोरांनी माझे चित्र काढले आणि बाईंनी सवयीप्रमाणे तेही चांगले म्हणून मांडून ठेवले. मी बोळके खाली घेतले. आत काळेभोर, चकचकीत तेल. म्हणजे शाळेचा फळा पांढरा आणि माझ्या टिंगलीला असला काळा रंग! मी त्यात कोळसा कालवला आणि चिंधी घेऊन फळा स्वतःच्या हाताने रंगवायला लागलो. तेव्हा ही सुकरी दारात उभी होती. ही दोन वर्षे माझ्या वर्गात आहे आणि तोवर माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. ती म्हणाली, "गुर्जी, हात नोका लावू. तोंड सुजते." आणि त्या चित्राकडे बोट दाखवले. मला तो उद्धटपणाच वाटला. मी तिला कान धरून उभे केले आणि घाम आला म्हणून त्याच हाताने तोंड पुसले. एकदा नाही, चांगले तीनदा पुसले. (लिहिताना हसू नकोस, मला ऐकू येते.)

ते बिब्याचे तेल होते, भाऊजी. बिब्याचे फळ मी ओळखतो, लहानपणी टाचेच्या भेगेला लावूनही घेतले आहे, पण काढून ठेवलेले तेल कोण ओळखणार? सुकरीच्या बापाने लाकडावर न पुसणाऱ्या खुणा करायला ते बाईंना दिले होते. पहिलीच्या पोरांना वाचता येत नाही, म्हणून बाईंनी वर इशारा चित्राने दिला होता. त्या अख्ख्या शाळेत तो इशारा ज्याला कळला नाही असा मी एकटाच निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिले. चित्रात एक रेघही चुकली नव्हती. दुपारपर्यंत डोळे मिटले आणि आरशाचाही प्रश्न मिटला.

तेव्हापासून बाई रोज सकाळ-संध्याकाळ येऊन तीळ आणि खोबरे वाटून लेप लावतात. तीळ पोरे घरून आणतात. ज्यांना मी वर्षभर उभे केले ती पोरे मूठमूठ तीळ आणतात आणि पायरीवर ठेवून जातात. कोणी हसत नाही. बाईंनी त्यांना काय सांगितले कोण जाणे. चित्राविषयी बाई एवढेच म्हणाल्या, "तुमचं नोहोय गुर्जी ते. मागल्या साली धोब्याले झालं होतं, त्याचं काढलं."

साहेब आले ते याच अवतारात मला भेटले. फळ्याचे म्हणाल तर तो असा गुळगुळीत झाला होता की त्यावर खडू उमटेना. तपासणी बुडालीच होती. मग बाईंनी साहेबांना अंगणात नेले. पोरांनी तिथे अख्खा चांदा जिल्हा काढला होता. वैनगंगा पांढऱ्या मातीची, डोंगर गेरूचे, गावांना दगड. नकाशा पाहायला मी गेलो नाही, पण शाळेशेजारच्या माझ्या ओसरीवरून ऐकत होतो. साहेब गावे विचारत होते आणि सुकरी सांगत होती, खणखणीत आवाजात, एकामागून एक. ही तीच मुलगी. पहिल्या वर्षी हिला मराठी येत नव्हते आणि मी हजेरीत हिच्या नावापुढे "मंद" असा शेरा मारला होता. बाईंनी हिच्या हातात कोळसा दिला आणि एक भिंत दिली. हिने त्यावर बाजार काढला. बाई एकेका वस्तूला तिच्याकडून गोंडी शब्द विचारायच्या आणि बदल्यात मराठी द्यायच्या. बाजार संपला तोवर हिला अक्षरेही येत होती. मी त्या भिंतीसमोरून रोज जात होतो आणि चुना लावायला सांगत होतो. (थांबलीस का? शेऱ्याचेही लिही. खरे आहे ते लिहायला हवे.)

साहेब जाताना माझ्या खाटेजवळ आले. म्हणाले, तुमच्या सांगण्याप्रमाणे बाईंची बदली सिरोंच्याला करतो आहे, महिनाअखेर हुकूम निघेल. मला ओरडून नाही म्हणायचे होते. पण त्या दिवशी ओठ असे झाले होते की तोंडातून नुसते "ऊं, ऊं" निघाले. साहेबांना वाटले मी आभार मानतो आहे. त्यांनी माझा खांदा थोपटला आणि गेले. मी तसाच पडून राहिलो. लेपाखाली डोळ्यांतून पाणी आले, ते बिब्यामुळे नव्हते.

एवढाच वृत्तान्त. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मोहाची फुले पडू लागली की थोडी वाळवून पाठवीन.

आपला,
लटारू गुरनुले

ता. क. : पत्र लिहिण्याचे कारण राहिलेच. बाईंची बदली मागणारे माझे ते कार्ड आपण साहेबांच्या टेबलावर ठेवलेत, तसेच आता उचलावे. उचलता येत नसेल तर ते कार्ड माझे नाहीच असे साहेबांना सांगावे. पुरावा म्हणून पत्त्याचे अक्षर दाखवावे. माझे अक्षर असे असूच शकत नाही, हे कचेरीत सगळ्यांना माहीत आहे. वर त्याबद्दल जे लिहिले ते वाचू नये.

ता. क. दुसरा : कार्डाचे बाईंना कळता कामा नये. मुलीला शपथ घातली आहे.

ता. क. तिसरा, सुकरीकडून : गुर्जी झोपले आहेत. मी माझ्या मनाने लिहिते. बाईंना पहिल्यापासून माहीत आहे. लच्छू डाकवाल्याला गुर्जींच्या कार्डावरचा पत्ता वाचता येत नव्हता. तो बाईंकडे आला. कार्ड उघडंच होतं. बाईंनी दोन्ही बाजू वाचल्या आणि पत्त्यावर कागदाची पट्टी चिकटवून मला लिहायला दिलं. मी पण वाचलं. मी म्हटलं, मी नाई लिहीत, विहिरीत टाकते. बाई म्हणाल्या, "गुर्जींचा कागद हाय, पोचला पायजे. चांगलं अक्षर काढ." म्हणून मी चांगलं काढलं. ते कार्ड पोचलं. या पाकिटावरचा पत्ता पण मीच लिहिते आहे, त्याहून चांगला.