व्हॅलेटातल्या सपाता

ईडन प्रेरी, मिनेसोटा
गुरुवार

तीर्थस्वरूप जगन्नाथराव यांना शशिकांतचा इकडून वाकून नमस्कार (खरोखर वाकलेलो नाही, कंबर धरली आहे, पण मनाने वाकलो आहे असं समजावं).

तुमचा गुडघा कसा आहे? नैनावहिनींची साखर आटोक्यात आहे ना? फोनवर विचारलं असतं, पण व्हिडिओ कॉल लावला की तुम्ही मोबाईल कानाला धरता आणि मला अर्धा तास नुसता तुमचा कान दिसतो. म्हणून हे पत्र. रुचा पानांचे फोटो काढून पाठवणार आहे. नातीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

काळजीचं कारण असं की सुशांतने मे महिन्यात मला माल्टाला, त्या व्हॅलेटाला न्यायचं डोक्यात घेतलं आहे. आईला आवडलेलं गाव ना बाबा, मग एकदा जाऊन येऊ, रविवारपर्यंत सांगा म्हणजे बुकिंग करतो, असं म्हणतो. रुचा येता-जाता 'आजोबा, जस्ट से येस ना' म्हणून डोकं खाते. मी काय हो म्हणू? त्या गावात रस्ते कमी आणि पायऱ्या जास्त. विमानात माझे पाय सुजतात. पासपोर्टवरचा फोटो माझा आहे हे मलाच पटत नाही, तर तिथल्या साहेबाला कसं पटावं? आणि खरं सांगायचं तर रत्ना गेल्याला दोन वर्षं झाली, तिच्याशिवाय त्या गल्ल्यांत मी एकटा काय करू? तेव्हा तुम्ही सुशांतला फोन करून सांगा की या वयात वडिलांना असं फिरवू नये. तुम्ही त्याचे सख्खे मामा. तो तुमचं ऐकतो, माझं ऐकून घेतो.

तुम्हाला आठवतं का सगळं? तेरा वर्षं झाली. मिरजेहून आपण अठराजण टूरने गेलो होतो. (मी सातवी शिकलेला, पंप दुरुस्त करणारा माणूस. समुद्राच्या मधोमध दगडी गाव असतं हे मला तिथे पोचेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.) सगळं गाव गुळाच्या ढेपेच्या रंगाचं. कुठल्याही गल्लीत उभं राहिलं तर खालच्या टोकाला निळं पाणी. दुपारी बाराला तोफ उडाली तेव्हा मी घाबरून नैनावहिनींच्या पर्सला धरलं, ते तुम्ही मिरजेत सगळ्यांना सांगितलंत. असो.

माझ्या बुटांचं मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत. त्या मोठ्या देवळात (चर्चला रत्ना देऊळच म्हणायची) जमिनीवर सगळी थडगीच होती, रंगीत संगमरवराची, आणि लोक त्यांवरून खुशाल बूट घालून चालत होते. रत्ना दारातच थांबली. मेलेल्या माणसांवर पायताण घालून चालायचं नाही म्हणाली. तिने चपला पिशवीत टाकल्या, तुम्हीही टाकल्या (नव्या होत्या), आणि माझे बूट तुम्ही दाराशीच असलेल्या एका खोक्यात नीट जोडीने लावलेत. बाहेर येऊन पाहतो तर खोकं नाही. पहारेकऱ्याने सांगितलं की ते गोरगरिबांसाठी जुनी पादत्राणं गोळा करायचं खोकं होतं, आताच गाडी गेली. मी म्हटलं, माझे बूट जुने नव्हते. तर तुम्ही म्हणालात, "दान झालं समजा, शशिकांतराव."

मग त्या तापलेल्या पायऱ्यांवरून मी मोज्यांवर निघालो. एका मोज्यातून अंगठा बाहेर. रत्नाने चार पावलं पाहिलं आणि पिशवीतल्या चपला पायांत न घालता तीही अनवाणीच चालायला लागली. मी रागावलो, तर म्हणते, "एकटा माणूस अनवाणी चालला तर वेडा दिसतो. दोघं चालली की लोकांना वाटतं, नवस असेल." जगन्नाथराव, तुमची बहीण अशी होती.

ती हिरवी लाकडी गॅलरी आठवते? सकाळी आपण पाहिलं होतं, तिथल्या बायका दोरीने टोपली खाली सोडतात आणि पाववाला त्यात पाव ठेवतो. तशीच एक टोपली माझ्या नाकासमोर येऊन थांबली. आत तपकिरी मखमली सपाता. वर एक बाई, आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, छातीला हात लावून आभाळाकडे बोट दाखवत होत्या. रत्नाला लगेच कळलं. "यजमानांच्या आहेत. गेले ते." मेलेल्या माणसाच्या सपाता मी कशा घालू म्हणून कुरकुर केली. "घाला मुकाट्याने," म्हणाली. मग त्या बाई खाली आल्या आणि दोघी पायरीवर बसून पाव तास बोलल्या, एक मराठीत, एक त्यांच्या भाषेत. कुणाचंही काही अडलं नाही. निघताना रत्नाने त्यांचा हात धरून सांगितलं, "उद्या आणून देते हं." आणि दुसऱ्या दिवशी आपली बस पहाटे सहाला सुटली. परतताना माझी बॅग भरली म्हणून सपाता तुमच्या बॅगेत गेल्या. पुढे अकरा वर्षं ती अधूनमधून म्हणायची, त्या बाईंना मी उद्या म्हणाले होते.

असो. पुरे झाली जुनी उजळणी. मला तिकडे जायचं नाही. रविवारच्या आत सुशांतला फोन नक्की करा. वहिनींना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला विश्रांती.

तुमचा
शशिकांत

ता. क. सुशांतला फोन करू नका. एवढं लिहिलं आणि जेवायला हाक आली. वरणभात कालवता कालवता मी हो म्हणून बसलो. का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही. पाय सुजणारच आहेत.

ता. क. दुसरा. परवा कॉलवर वहिनींनी मोबाईल चुकून खाली धरला, तेव्हा त्या सपाता तुमच्या पायांत दिसल्या. न्हाणीघरात घालत असाल तर आजपासून बंद करा. स्वच्छ करून सावलीत वाळवा.

ता. क. तिसरा. पोस्टाने पाठवू नका. तुम्ही स्वतः घेऊन या, सुशांत सगळी व्यवस्था करतो म्हणाला आहे. गुडघ्याचं कारण सांगू नका, आपण पायऱ्या बसत बसत चढू. त्या बाई असल्या आणि त्यांनी दार उघडलं, तर त्या आधी माझ्या मागे बघतील, रत्ना कुठे आहे म्हणून. ते मला सांगता येणार नाही. ते तुम्ही सांगा.