डोळे भरायचे राहिले

१४ ऑगस्ट १९३६, जालना
शाळेत निजाम सरकारच्या फसली सनाची तारीख लिहितात, आईचं सगळं तिथीवर चालतं. मी इंग्रजी तारीख घालणार. वही माझी आहे.
आज मुलींच्या शाळेच्या मोठ्या उस्तानीबाईंनी (म्हणजे मुख्य शिक्षिका; यापुढे उ. बाई, शाई वाचते) निरोप धाडून बोलावलं. शाळा सोडून मला बरेच दिवस झाले, तरी त्यांच्यासमोर पदर आपोआप नीट होतो. म्हणाल्या, "गोदावरी, ड्रॉइंग की पहली परीक्षा तो तूने कर ली. अब औरंगाबाद जाकर दूसरी दे. फिर हैद्राबाद में दो बरस सीख, फिर सनद. सनद हाथ में आई तो किसी भी जनाना मदरसे में नौकरी पक्की." त्यांच्या चित्रकलेच्या बाई लग्न होऊन जाणार आहेत. जागा रिकामी होणार.
घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, आणि जालन्यातले सगळ्यात चांगले चितारी. हे मी मुलगी म्हणून लिहीत नाही, भिंती बघाव्यात कुणीही. त्यांनी कुंचला धुतला, झटकला, म्हणाले, "दे की परीक्षा. आपल्या घरचा हात हाय. बघू दे औरंगाबादच्या लोकायला."
रात्रभर झोप नाही. आनंदानं.

२ सप्टेंबर
गणपतींची घाई. फळीवर ओळीनं बसलेत सगळे. सोवळं, शेला, मुकुट, सोंडेवरची नक्षी, सगळं माझ्या हातचं. फक्त डोळे नाहीत.
आमच्या घरात डोळे कर्त्या हातानंच भरायचे, मग गणपती असो की लग्नघराच्या भिंतीवरचा हत्ती. आज अण्णांनी अंघोळ केली, धुतलं धोतर नेसले, काजळीचा रंग घोटला आणि एकेका मूर्तीसमोर बसून डोळे भरले. एकदा टेकवलेला कुंचला पुन्हा टेकवत नाहीत. बघत राहावं असं काम.
आजोबांनी अण्णांना "डोळे दिले", म्हणजे ते भरायचा मान दिला, तेव्हा माझा भाऊ दत्तू रांगत होता म्हणे. आता दत्तू जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजतो, त्याला कुंचल्याचं वावडं. म्हणजे अण्णांनंतर डोळे कुणाचे? मी विचारलं नाही. मुलगी परक्या घरी जाणार, हे उत्तर मला आधीच पाठ आहे. राग येतो.

२० सप्टें.
राजूरचे मामा आले. गणपतीच्या देवळापाशी त्यांचं हळदकुंकवाचं दुकान आहे, त्यामुळे देवाच्या खालोखाल आपणच असं त्यांना वाटतं. म्हणाले, "चित्रं काढून कोन तहसीलदार झालंय गं? का नाटकवाल्यांचे पडदे रंगवायला जाती?"
म्हटलं, "पडदे रंगवले तर तुम्हाला पहिल्या रांगेत बसवीन मामा. फुकट."
आई हसली आणि मग मलाच रागावली.

११ नोव्हेंबर, औरंगाबाद
परीक्षा झाली!! अण्णा सोबत होते, ते बाहेर निंबाखाली. आत मुलगे भरपूर, मुली आम्ही अगदी मोजक्या, कोपऱ्यात पडद्याआड बसवलेल्या.
भूमिती बरी. वस्तुचित्रात घागर, तांब्या, खाली चुरगळलेलं फडकं, सोपं. नक्षीकाम तर आमच्या घरचंच. शेवटचा कागद स्मरणचित्राचा. समोर काही नाही, विषय सांगतात आणि मनानं काढायचं. विषय आला: बैलाला पाणी पाजणारा शेतकरी. मला हसूच आलं. असा बैल काढला म्हणून सांगू, मानेखाली लोंबणारी पोळी, पाण्यात बुडालेलं नाकाड, पाठीवर ऊन. देखरेख करणारे साहेब माझ्या मागे येऊन थांबले ते हललेच नाहीत. सगळ्यांच्या आधी कागद दिला. मान ताठ ठेवून बाहेर आले. उद्याच्या गाडीनं घरी.

१२ नोव्हें., जालना
लिहवत नाही. तरी लिहिते.
गाडीत अण्णा खुशीत. विचारत होते, मी सांगत होते. बदनापूर सोडलं तेव्हा म्हणाले, "बैल कसा झाला?"
"झकास."
"अन् मानूस?"
"तोबी."
"डोळे कसे काढले बैलाचे?"
मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. डोळे काढलेच नव्हते. ना बैलाचे, ना माणसाचे. दोघांच्या डोळ्यांच्या जागा स्वच्छ पांढऱ्या ठेवून, घरी ठेवते तशा, मी ऐटीत कागद देऊन आले होते. अण्णा बाहेर निंबाखाली बसले होते आणि मी डोळे त्यांच्यासाठी सोडले होते.
सांगितलं. अण्णा एवढ्यानं हसले की डब्यातली माणसं वळून बघायला लागली. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

१९ फेब्रुवारी १९३७
नापास. एका कागदात. बाकीच्यांत चांगले गुण.
उ. बाईंनी ओळखीनं औरंगाबादेस विचारलं. कळलं ते असं: रेषा उत्तम, पण माणूस आणि जनावर दोन्ही आंधळे, चित्र अपुरं. "रेषा उत्तम" याखाली मी इथे दोनदा रेघ मारते आहे.
बाईंना घरची रीत सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला, मग हसून म्हणाल्या, "कागज पर किसका हुक्म चलता है, बेटी? तेरा." जागेवर तात्पुरतं कुणीतरी घेतील, पुढच्या खेपेपर्यंत माझी वाट बघते म्हणाल्या. जास्त नाही बघणार.
आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "एकच इषय राह्यला, बाकी समद्यात पास." नापास हा शब्द तिनं काढलाच नाही.

३ मार्च
परवा अण्णांशी भांडले. सरळ म्हटलं, "मला डोळे द्या."
"डोळे मागून मिळत न्हाईत."
"मंग कसे मिळतात?"
"मला कुठं ठावं? माह्या बापानं एक दिवस कुंचला हातात दिला. मी मागितला नव्हता."
"दत्तूला देणार असाल तर तो गाठी बांधून राह्यलाय तिकडं."
अण्णा उठून बाहेर गेले. तोंडाला कुलूप. दोघांच्याही. काल भिंतीवरच्या भालदाराचा अंगरखा रंगवताना पिवळा हवा होता, तर दत्तूकडून मागवला त्यांनी. मी हाताशी बसलेली असताना!

१७ मार्च
स्वतःच शिकते. कागदावर कोण विचारतंय. बैल, शेळी, म्हातारी, पोर, जे सुचेल ते काढते आणि डोळ्याशी आले की हात अडतो. खरंच अडतो, मनगटापासून. पहिले काही डोळे शर्टाच्या गुंड्यांसारखे झाले. मग अण्णांचे आठवून काढले, तर ते अण्णांसारखेच पण मेलेले. फाडून टाकले.
सोडणार नाही. एवढं नक्की.

८ एप्रिल
आज शेळीचा एक डोळा जमला. अण्णांसारखा नाही. अण्णांचा डोळा समोर बघतो, देवासारखा. माझी शेळी कुठंतरी बाजूला बघत होती, तिला काहीतरी खायचं दिसलंय अशी. हसूच आलं. कागद माझ्या पेटीवर ठेवला होता, संध्याकाळी तो जागेवर नव्हता. नंतर पुन्हा होता. विचारलं नाही कुणाला.

२ मे, घनसावंगी
लग्नाचं काम. मोठे जमीनदार आहेत, पाटील. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, वर गणपती, खाली वेलबुट्टी. अण्णा आणि मी, मदतीला दत्तूही रजा काढून. चुना वाळेपर्यंत मी गेरू भिजवला, डिंक उकळला. अण्णांशी कामापुरतं बोलणं.
डावा हत्ती माझा, उजवा अण्णांचा. गावातली माणसं जाता-येता थांबून माझ्या हत्तीकडे जास्त वेळ बघतात. अण्णांच्याही लक्षात आलं असणार.

५ मे, घनसावंगी
आज जे झालं ते सावकाश लिहायचं आहे.
डोळे भरायचा दिवस. लग्नघरची आजी नारळ आणि हळदकुंकू घेऊन आली, घरची सगळी माणसं अंगणात जमली. अण्णा शिडीवर चढले, गणपतीचे डोळे भरले, मग उजव्या हत्तीचे. खाली उतरले. कुंचला धुतला, काजळीत बुडवला, आणि माझ्यापुढे धरला.
मी बघतच राहिले. दत्तू मागून म्हणाला, "घे की."
पाटील पुढे आले. "अण्णा, शकुनाचं काम हाय हे. लेकीच्या हातानं?"
अण्णा शांतपणे म्हणाले, "पाटील, हात माह्याच घरचा हाय. भरल्यावर न्हाई पटलं तर मी डावा हत्ती पुसून नवा काढतो, बिगर खर्च्याचा. पन आत्ता डोळे त्याचे तीच भरंल."
पाटलांनी आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "भरू दे रं. हत्ती तिनंच काढलाय ना?"
चढले. काय वाटत होतं ते सांगता येत नाही, भीती होती पण त्याहून जास्त ऐट होती. कुंचला टेकवला, उचलला. दुसरा डोळा. उतरले आणि कुंचला धुतला.
आजी हत्तीसमोर जाऊन उभी राहिली, मग डावीकडे सरकली, मग उजवीकडे. म्हणाली, "अगं बाई, ह्यो तर माह्या हातातल्या नारळाकडं बघून राह्यलाय!" सगळे हसले. पाटीलसुद्धा.

६ मे, परतीच्या बैलगाडीत
अण्णांना विचारलंच, आधी का नाही दिले, आता का दिले.
त्यांनी आधी घोंगडं पसरून घेतलं. मग म्हणाले, "शेळी पाह्यली तुझी. माह्यासारखे डोळे काढले असते तर दिले नसते. माह्यासारखे तर मीच भरतो."
एवढंच. मग झोपले. मी मात्र वाटभर जागी, आणि माझ्यासारखं सुखी माणूस त्या रस्त्यावर दुसरं नव्हतं.

२८ जून
पुन्हा परीक्षेला बसायचं ठरलं. मामांचा निरोप, परतूरकडचं एक स्थळ आहे, मुलगा चांगला. आई म्हणते, "सनद घेऊन बसंल, अन् लगीन?" अण्णा म्हणाले, "आधी परीक्षा." मला अण्णांच्या पाया पडावंसं वाटलं, पण पडले नाही, उगाच चढून बसतील.
हैद्राबादचं काय, हे मात्र तेही बोलत नाहीत. दोन वर्षं. मुलगी एकटी. उ. बाई म्हणतात तिथे त्यांची बहीण आहे, तिच्याकडे राहायचं. अण्णांनी ऐकून घेतलं, ना हो म्हणाले, ना नाही.

९ नोव्हेंबर, औरंगाबाद
झाली. अण्णा त्याच निंबाखाली.
स्मरणचित्राचा विषय: बाजारात टोपली घेऊन बसलेली म्हातारी, शेजारी शेळी. देव माझ्या बाजूचा आहे!
सगळं काढून झालं. डोळ्यांशी आले आणि हात पुन्हा थांबला. सवय मेली जात नाही. खिडकीतून अण्णांचं पागोटं दिसत होतं. मनात म्हटलं, गोदे, भर. शेळीचे आधी भरले, ती ओळखीची. मग म्हातारीचे. म्हातारी शेळीकडे बघते आहे, शेळी टोपलीकडे.
बाहेर आले. अण्णा उभे.
"भरले?"
"भरले."
"समदे?"
"समदे."
"मंग बस झालं." पेरू घेतले होते माझ्यासाठी, त्यातले निम्मे वाट बघताना स्वतःच खाल्ले होते.

१० जानेवारी १९३८, जालना
निकाल नाही अजून. पण तात्पुरत्या बाई आजारी पडून गावी गेल्या, तेव्हा उ. बाईंनी मला वर्गावर उभं केलं. "नतीजा आने तक तू ही संभाल." मुली मला गोदाबाई म्हणतात. घरी येऊन हे आईला दोनदा सांगितलं. तिनं दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.

१५ जाने.
आज पाटीवर मांजर काढायला सांगितलं. सगळ्यांनी काढली. एक मुलगी, फातिमा, शेवटच्या ओळीतली, पाटी घेऊन आली. मांजर सुंदर, मिश्यासुद्धा. डोळ्यांच्या जागा कोऱ्या.
"हे काय?"
"गोदाबाई, आँखें आप बनाओ ना. मुझसे बिगड़ जाएँगी."
खडू माझ्या हातातच होता, दोन ठिपके द्यायचे, किती वेळ लागतो.
खडू तिच्या हातात दिला. म्हटलं, "बिगड़ने दे."
एक डोळा मोठा झाला, एक बारीक, आणि मांजर जरा रागावलेली दिसायला लागली. मी ती पाटी सगळ्या वर्गाला दाखवली.
संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ते रंगांच्या वाट्या पुसत होते. म्हणाले, "हैद्राबादेला थंडी असती का गं?"
मी म्हटलं, माहीत नाही. विचारून येते उ. बाईंना.